रिपोर्ट नॉर्मल, दुखणं खरं

नव्या ऑफिसात पाऊल टाकल्यावर तुम्ही आधी काय बघता? खिडकीची जागा, एसी, कॉफी मशीन, शेजारच्या डेस्कवर कोण बसतंय? मी बघते टॉयलेट किती लांब आहे ते. सिनेमाचं तिकीट काढताना कडेचीच खुर्ची घेते. दोन तासांची मीटिंग म्हटलं, की पोटात गोळा येतो. हसू येतंय ना? येऊ दे. सुरुवातीला मलाही यायचं.

२०२२ च्या पावसाळ्यात ओटीपोटात दुखायला लागलं. मूत्राशय भरत आलं की कळ यायची, लघवीला जाऊन आलं की जरा बरं वाटायचं आणि अर्ध्या तासात पुन्हा तेच. दिवसातून सात-आठ वेळा जाणं नॉर्मल धरतात. माझा आकडा वीसच्या पुढे गेला, त्यात रात्रीच्या चार फेऱ्या. पुण्यातल्या एका डॉक्टरांनी इन्फेक्शन समजून अँटिबायोटिकचा कोर्स दिला. मग दुसऱ्यांनी दुसरा. तिसऱ्यांनी लघवीचं कल्चर करायला लावलं. जंतू नव्हतेच. 'रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन कमी करा,' असा सल्ला मिळाला. आता फ्रीलान्सरने टेन्शन कमी करायचं म्हणजे डेडलाइनला राखी बांधायची का?

चौथे होते एक यूरॉलॉजिस्ट. इतर तपासण्या करून, सगळं नीट ऐकून घेऊन त्यांनी नाव सांगितलं : इंटरस्टिशियल सिस्टायटिस, म्हणजेच ब्लॅडर पेन सिंड्रोम. खरं सांगते, आजाराचं नाव कळल्याचा इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

ते नाव घेऊन सुट्टीला वैरागला गेले. बार्शी-सोलापूर रस्त्यावरचं आमचं गाव. एसटीचा प्रवास म्हणून सकाळपासून पाणी घोट-घोटच प्यायलेलं. रात्री तिसऱ्यांदा उठले, तर अंगणात आत्या. तीही त्याच कामाला निघालेली.

"तुला बी उन्हाळी लागली व्हय गं?" तिनं विचारलं.

आत्याची 'उन्हाळी' ११ वर्षांची होती. धन्या-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला, लिंबू सरबताचे तांबे झाले, गोळ्यांची पाकिटं झाली. दूरच्या गावच्या लग्नांना जाणं तिनं कधीच बंद केलं होतं. घरात सगळ्यांना वाटायचं, आत्याला माणसं नकोशी झालीत. "तपासणीत काय निघत न्हाई म्हणत्यात," ती म्हणाली. "मग दुखतंय कशानं, ते मातर कुणी सांगत न्हाई."

गंमत बघा, आपल्याकडे लघवीला जळजळ झाली की एकच शब्द : उन्हाळी लागली. पाणी कमी पडलं तरी तेच, इन्फेक्शन झालं तरी तेच आणि हा आजार असला तरी तेच. दोन दिवसांत बरं वाटलं तर ठीकच. पण वर्षानुवर्षं उन्हाळी कशी काय टिकेल?

या दुखण्याची डॉक्टरांना ओळख काही आजची नाही. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ गाय हनर यांनी १९१५ मध्ये मूत्राशयाच्या आतल्या विशिष्ट जखमांचं वर्णन केलं. त्या जखमा आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. त्या सगळ्याच पेशंटमध्ये नसतात, थोड्यांमध्येच सापडतात. मूळ कारण एकच असं नाही. मूत्राशयाच्या आतलं संरक्षक अस्तर विरळ होतं, लघवीतले क्षार खालच्या थराला झोंबतात, नसा हळव्या होतात आणि ओटीपोटाचे स्नायू आखडतात, असा सगळा गुंता असतो. बायकांमध्ये जास्त दिसतो, पण पुरुषांनो, तुम्हीही सुटलेले नाही. तुमच्याकडे बऱ्याचदा त्याला प्रोस्टेटचं दुखणं समजतात.

अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशनच्या व्याख्येत हे दुखणं सहा आठवड्यांहून जास्त टिकलेलं असावं लागतं आणि इन्फेक्शन किंवा दुसरं कारण सापडलेलं नसावं लागतं. म्हणजे आधी बाकीचे संशयित वगळायचे : खडा, कॅन्सर, एंडोमेट्रिओसिस आणि आपल्या देशात आवर्जून टीबी. मूत्राशयाचाही टीबी होतो, आणि त्याचे जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये दिसत नाहीत. त्याची तपासणी वेगळी करावी लागते.

आत्याला आम्ही सोलापूरला यूरॉलॉजिस्टकडे नेलं. टीबी नव्हता. मग भूल देऊन दुर्बिणीने आत पाहिलं आणि सापडल्या हनरच्या जखमा. ११ वर्षांत कुणी आत बघितलंच नव्हतं! डॉक्टरांनी त्या तिथेच जाळल्या. काही महिन्यांनी त्या परत येऊ शकतात, तेव्हा पुन्हा करावं लागेल, हेही सांगितलं. महिन्याभराने आत्या सलग चार तास झोपली. ही बातमी तिनं मला सकाळी सहाला फोन करून दिली.

माझ्यात तशा जखमा नाहीत, त्यामुळे माझा रस्ता वेगळा. रात्री अमिट्रिप्टिलिनचा छोटा डोस. मुळात ते डिप्रेशनचं औषध, पण कमी मात्रेत हळव्या नसांना शांत करतं. सकाळी तोंड कोरडं पडतं आणि पहिला तास झोपेतच जातो. सोबत ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी. मासिकात वाचून कीगल व्यायाम करू नका हं, या आजारात स्नायू आधीच आखडलेले असतात. त्यांना सैल सोडायला शिकायचं असतं. याने भागलं नाही तर मूत्राशयात नळीने औषध सोडतात. पेंटोसन नावाच्या गोळ्याही आहेत. अमेरिकेत त्यांना १९९६ मध्ये मान्यता मिळाली, पण २०२० मध्ये डोळ्यांच्या पडद्याला इजा होण्याचा इशारा जोडला गेला. ती घेणार असाल तर डोळे तपासून घ्या.

आणि खाणं? चहा, कॉफी, दारू, टोमॅटो, लिंबूवर्गीय फळं, तिखट यांनी अनेकांना त्रास होतो, पण प्रत्येकाची यादी निराळी. काही आठवडे सगळं बंद करायचं, मग एकेक पदार्थ परत घेऊन वहीत लिहायचं. आत्याच्या वहीत गुन्हेगार निघाले चहा आणि लिंबू सरबत. हो, तेच सरबत, जे ती औषध म्हणून तांब्याने पीत होती! शेंगाचटणी मात्र निर्दोष सुटली. सोलापूरकरांनी श्वास सोडायला हरकत नाही.

पूर्ण बरी झालेय का? नाही. कामाचा ताण वाढला, प्रवास झाला की दुखणं डोकं वर काढतं. पण रात्रीच्या चार फेऱ्यांची एक झाली आणि मीटिंगमधून उठताना मी आता कारणं शोधत नाही. "लगेच आले" म्हणते आणि जाते.

तुमचं किंवा घरातल्या कुणाचं असं दुखणं आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर तीन दिवस पाणी किती प्यायलात, लघवीला किती वेळा गेलात आणि कळ केव्हा आली ते लिहून ठेवा. जुने कल्चर रिपोर्ट फाइलला लावा. जंतू नसताना पुन्हा अँटिबायोटिक लिहून दिलं जात असेल, तर कशासाठी ते विचारा. लघवीत रक्त दिसलं तर थांबूच नका. आणि "रिपोर्ट नॉर्मल आहे" असं ऐकलंत, तर आत्याचा प्रश्न जरूर विचारा : मग दुखतंय कशानं?