डबीतला सेकंद

बंगळुरूच्या एका वसाहतीतले काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा घरच्यांना वाटले, आता ते बागेत रमतील. काकांनी मात्र हॅम रेडिओचे जुने वेड पुन्हा जवळ केले. रेडिओची फ्रिक्वेन्सी मोजायची, तर मोजणारे यंत्र आधी अचूक हवे. त्यासाठी त्यांना हवा होता ओसीएक्सओ, म्हणजे इवल्याशा भट्टीत बसवलेला क्वार्ट्झचा स्फटिक. बाहेर थंडी असो वा ऊन, डबीतले तापमान बदलत नाही. त्यामुळे सेकंदाला १ कोटी कंपने जवळजवळ ढळत नाहीत. मनगटावरचे साधे घड्याळ महिन्याला १०-१५ सेकंद चुकते. कोटीत एकाचीही चूक नसलेल्या डबीला एक सेकंद चुकायला निदान पावणेचार महिने लागतात!

नवा नग महाग. पण मोबाईलचे जुने मनोरे मोडीत निघाले की त्यांतले सुटे भाग चीनमधल्या शेन्झेन शहरातून इंटरनेटवरच्या दुकानांत स्वस्तात विकायला येतात. काकांनी एक मागवला. डबी आली ती पाय आखूड कापलेली, अंगावर कथलाचे डाग असलेली.

"अहो, लोक भंगार विकून पैसे मिळवतात, तुम्ही पैसे मोजून भंगार आणता!" काकू हसल्या.

डबी चालू झाली, पण फ्रिक्वेन्सी जागेवर येईना. स्क्रू टोकापर्यंत फिरवला, तरी फरक उरलाच. क्वार्ट्झलाही वय असते. वर्षानुवर्षे तो हळूहळू सरकत जातो. विक्रेत्याचे उत्तर आले, "माल तपासलेला आहे." तपासलेला म्हणजे फक्त चालतो, हे काकांना तेव्हा कळले. परत पाठवायचा खर्च डबीच्या किमतीहून जास्त होता.

खरा घोळ पुढेच झाला. रद्दी काढताना काकूंच्या हाती कस्टमची पावती लागली. टपालखर्च आणि ड्यूटी धरून आकडा काकांनी सांगितला होता त्याच्या दुप्पट होता.

"कोटीत एकाची चूक तुम्हाला खपत नाही, आणि मला सांगितलेल्या आकड्यात निम्म्याची?" त्या दिवशी काकू जेवताना काही बोलल्या नाहीत. काकांना पैसे बुडाल्याचे वाटले नसेल, तेवढे ते मौन लागले.

दोन महिन्यांनी काका घरखर्चाची वही घेऊन काकूंसमोर बसले. या वेळी त्यांनी विक्रेत्याला आधीच विचारले होते: फोटो याच नगाचा आहे का? डबीवर साल कोणते? जुळवणीला किती वाव उरला आहे? उत्तरे नीट आली, तेव्हाच दोघांनी मिळून रक्कम ठरवली.

डबी आल्यावर काकांनी मीटर लावला. सुरुवातीला वीज जास्त ओढली गेली आणि भट्टी तापताच काही मिनिटांत काटा खाली आला. भट्टी शाबूत होती. मग आठवडाभर डबी चालूच ठेवली, कारण बराच काळ बंद पडलेला स्फटिक स्थिरावायला दिवस घेतो. शेवटी जीपीएस उपग्रहांच्या सेकंदाशी ताळा घेतला. जुळला.

काकूंनी डबीला हात लावून पाहिला. कोमट होती. वहीत त्यांनी लिहिले, "डबी, दुसरी", आणि पुढे टपाल, ड्यूटीसकट पूर्ण आकडा. त्याच्या वर काकांनी स्वतःच्या हाताने पहिल्या डबीचाही खरा आकडा लिहिला.