तालुक्याच्या कोर्टातली खुर्ची कोणासाठी?

मी न्यायाधीश होण्याची परीक्षा देते आहे असे सांगितले की ओळखीचे लोक म्हणतात, "एवढा अभ्यास करतेस तर कलेक्टरचीच दे ना!" आपल्या समाजाला कलेक्टर कळतो, फौजदार कळतो. तालुक्याच्या कोर्टातला न्यायाधीश मात्र आपल्या स्वप्नात येत नाही. कोर्ट म्हणजे तारीख, खर्च आणि बुडालेली मजुरी, एवढीच आपली ओळख. माझ्या घरीही याहून वेगळे काही नव्हते.

मला उत्तर महाडच्या इतिहासात सापडले. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. तो होण्याआधीच सनातन्यांनी महाडच्या दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो माणसे जमलेली असताना तळ्यावर जाणे स्थगित करावे लागले. पुढच्या फेब्रुवारीत तो हुकूम उठला, पण मूळ दाव्याचा मुंबई उच्च न्यायालयातून अंतिम निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. २५ डिसेंबरचे मनुस्मृती दहन आपण दरवर्षी आठवतो. त्याच दिवसांत खालच्या कोर्टातल्या एका कागदाने पाणी अडवले होते, हे आपण विसरतो.

आजही सामान्य माणसाचा कायद्याशी पहिला संबंध याच कोर्टात येतो. पोलिसांनी पकडून आणलेल्या पोराची कोठडी वाढवायची की नाही, हे इथे ठरते. ठाण्यात तक्रार घेतली नाही, वरिष्ठांकडे अर्ज करूनही काही झाले नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली इथेच दाद मागायची. नवऱ्याने टाकलेल्या बाईची पोटगी आणि शेताच्या रस्त्याचा मनाई हुकूमही इथलाच. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आपण मोबाईलवर फिरवतो, पण तिथपर्यंत जाण्याची ऐपत किती जणांची असते?

आणखी एक गोष्ट. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकांत आरक्षण नाही. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदाच्या भरतीत ते आहे. एमपीएससीमार्फत होणारी ही परीक्षा, म्हणजे १०० गुणांची पूर्व, २०० गुणांची मुख्य आणि ५० गुणांची मुलाखत, हे आपल्यासाठी उघडे असलेले दार आहे. दहा वर्षे न्यायिक पदावर काम केलेली व्यक्ती संविधानाच्या अनुच्छेद २१७ प्रमाणे उच्च न्यायालयासाठी पात्र ठरते. म्हणजे या दारातून आत गेलो तर वरचा जिनाही आहे.

या दाराला आता उंबरठा आला आहे. २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. ही अट मुळातच चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. पुस्तकात 'तहकुबी' हा एक शब्द असतो. कोर्टाच्या व्हरांड्यात ती एखाद्या मजुराची बुडालेली रोजी असते. हे मला वकिली सुरू केल्यावरच कळले.

पण तीच तीन वर्षे प्रत्येक घरात सारखी नसतात. वकिलाच्या मुलाला वडिलांचे ऑफिस, पुस्तके आणि अशिलांसह तयार मिळते. मला एका ज्येष्ठ वकिलांनी आधी पूर्ण नाव विचारले, मग गाव, मग "म्हणजे कोणत्या समाजाच्या?" आणि शेवटी सांगितले की जागा नाही. दुसरीकडे जागा मिळाली, पण हातात पडतो तो फक्त बसभाड्याचा खर्च. कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असे बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये सुचवले. सुचवले, बंधनकारक केले नाही. त्यात १ जुलै २०२४ पासून तिन्ही फौजदारी कायदे बदलले आणि सिनिअर मुलींकडून मिळालेली जुनी पुस्तके निम्मी बाद झाली. मुलगी असेल तर घरचे आणखी एक गणित मांडतात: तीन वर्षे वकिली, मग परीक्षा, मग लग्न कधी? शिवाय वकिलीचा अनुभव दाखवायला किमान दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाचा दाखला लागतो आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची मोहोर. ज्यांना ऑफिसातच जागा मिळत नाही, त्यांनी दाखला कोणाकडे मागायचा?

म्हणून नुसता अटीचा निषेध करून भागणार नाही. मागणी नेमकी हवी: अनुसूचित जाती-जमातींच्या नवोदित वकिलांना या तीन वर्षांसाठी सरकारने विद्यावेतन द्यावे. आपल्या समाजातल्या प्रस्थापित वकिलांनी प्रत्येकी किमान एक ज्युनिअर घ्यावा. त्याला केवळ फाईल उचलायला न लावता दावा लिहू द्यावा, उलटतपासणीला उभे करावे. आणि जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत उडणाऱ्या पैशातला वाटा विहारातल्या अभ्यासिकेला मिळावा, जिथे नवे कायदे असतील आणि रविवारी निकालपत्र लिहिण्याचा सराव चालेल.

कार्यकर्ते मित्र विचारतात, "न्यायाधीश झालीस तर आपल्या लोकांना न्याय देशील ना?" मी स्पष्ट सांगते, आपल्या बाजूचे निकाल लिहायला मी त्या खुर्चीवर बसणार नाही. पुराव्यात बसेल तेच लिहीन, मग हरणारा आपल्या वस्तीतला असला तरी. फरक एवढाच पडेल की साक्षीदाराच्या पिंजऱ्यात अडखळणाऱ्या बाईला तिचे वाक्य पूर्ण करू दिले जाईल आणि तिची भाषा कोणी हसण्यावारी नेणार नाही. संविधानाने दिलेली समानता माणसाच्या अनुभवाला येते ती अशीच.

माझी अजून दीड वर्षे बाकी आहेत. पहाटे पाच ते नऊ अभ्यास, मग कोर्ट, संध्याकाळी शिकवण्या. अर्ज भरण्याचा दिवस येईल तेव्हा त्या यादीत मी एकटी नको. कायदा शिकणाऱ्या प्रत्येक भावाने आणि बहिणीने आजच सनद, सिनिअर आणि पुस्तके या तिन्हींचा विचार सुरू करावा.

जय भीम!