विजरईंची रांग

या रांगेतलं कुणीच बसलेलं नाही. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात पोर्तुगीज गव्हर्नर आणि विजरई ओळीने उभे आहेत, डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण आणि जवळजवळ माणसाच्या उंचीचे. वर घराण्याची ढाल, खाली नाव आणि कारकीर्द. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळा ज्याने पाहिल्यात, त्याला ही मांडणी लगेच ओळखू येते. मिरवायची रीत जिवंतपणी आणि मेल्यावर एकच.

रांगेचा जन्म 1547 चा. दीवचा वेढा उठवून परतलेला गव्हर्नर जुआंव द कास्त्रो हा ग्रंथांत रमणारा माणूस. थोरामोठ्यांच्या तसबिरी जमवण्याची हौस तेव्हा युरोपात जोरात होती. इटलीत पाओलो जोव्हिओने कोमो सरोवराकाठी त्यासाठी खास वास्तूच उभारली होती. कास्त्रोने तीच कल्पना गोव्यातल्या आपल्या वाड्यात आणली. आधीच्या सगळ्या गव्हर्नरांची चित्रं हवी होती, पण बहुतेक जण केव्हाच वारले होते. मग त्याने गास्पार कोर्रैयाला बोलावलं. कोर्रैया बखरकार, गव्हर्नर अल्बुकर्कच्या हाताखाली लेखनिक राहिलेला, आणि सगळे चेहरे डोळ्यांनी पाहिलेला. त्याला रेखाटनही येत होतं.

रंगवणारा मात्र इथला होता. कोर्रैयाने स्वतःच लिहून ठेवलंय की चित्रकार या देशातला माणूस होता आणि ज्यांनी त्या गव्हर्नरांना पाहिलं होतं, ते चित्र बघताच चेहरा ओळखत. एवढं लिहिलं, पण त्याचं नाव लिहिलं नाही. मला या रांगेतली सगळ्यात मोठी उणीव हीच वाटते. ज्याने कधी लिस्बन पाहिलं नसेल, त्याने युरोपच्या दरबारी चित्राची सारी ऐट लाकडी फळ्यांवर उतरवली. कमरेची तलवार, रुबाबात रोवलेला पाय, पोशाखाचा भरजरी थाट, सगळं.

पहिल्या तुकडीतच नूनो द कुन्हा आला. आपल्या वसईचा तो फिरंगी. 23 डिसेंबर 1534 रोजी ‘साव मातेउस’ जहाजावर त्याने गुजरातच्या बहादुरशाहाकडून तहात वसई घेतली. सव्वादोन वर्षांत बहादुरशाह दीवच्या समुद्रात मारला गेला होता. नूनोचंही भलं झालं नाही. पदावरून काढल्यावर मायदेशी परतताना 1539 मध्ये तो जहाजावरच वारला आणि त्याला समुद्रातच सोडलं. वसईच्या चर्चमध्ये कितीतरी फिरंग्यांच्या शिळा आहेत, पण वसई घेणाऱ्याला कुठेच थडगं नाही. मृत्यूनंतर आठ वर्षांनी त्याला देह मिळाला, तो कोर्रैयाच्या आठवणीतून आणि त्या अनाम चित्रकाराच्या हातून.

पुढे नव्या विजरईंची भर पडत गेली. 1739 च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा गोव्यात कोंद द सांदोमिल विजरई होता. किल्ला गेला, उत्तर प्रांत गेला, रांग मात्र वाढतच राहिली. राजधानीबरोबर तीही जुन्या गोव्याहून पणजीच्या आदिलशाही वाड्यात आली. गोव्याच्या दमट हवेने फळ्या कुजवल्या, रंग पोपडे होऊन सुटले, आणि दर दुरुस्तीत नव्या हाताने जुन्या चेहऱ्यावर नवा चेहरा चढवला. विसाव्या शतकाच्या मध्याला काही चित्रं दुरुस्तीसाठी लिस्बनला नेली. तिथे क्ष-किरणांखाली कळलं की वरच्या रंगामागे निराळंच चित्र दडलंय. लांब पांढऱ्या दाढीचा अल्बुकर्क तिथल्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयातच राहिला. गोव्यातली चित्रं 1961 च्या मुक्तीनंतर भारत सरकारची झाली. 1964 मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात, सेंट फ्रान्सिसच्या मठात, ती परत जुन्या गोव्यात आली.

मालकी पोर्तुगालच्या राजाची होती, मग सरकारची झाली. पण 1547 च्या फळ्यांवर पहिला हक्क रंगवणाऱ्याचा आहे, असं मी म्हणेन. वसई-विरारहून गोव्याला जाणाऱ्यांनी बासिलिका बघून तसंच परतू नये, समोरचा रस्ता ओलांडून या मठात जावं. पायाशी लिहिलेलं नाव वाचून झालं की चेहऱ्याकडे नीट बघावं, तो आपल्या माणसाने काढायला घेतला होता. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.