परमुलखातला कोल्हापूरकर

परदेशी नोकरीला जाणारा कोल्हापूरचा तरुण बहुधा यंत्राचा माग काढत जातो. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात फौंड्र्या आणि मशीन शॉप यांची दाटी. बिडाचे ओतकाम, लेथ, सीएनसी हे शब्द त्याच्या कानांवर लहानपणापासून पडलेले असतात. पदवीनंतर पुण्याला चार वर्षे काढली, जर्मन भाषेच्या परीक्षा दिल्या, की पुढचा रस्ता पुष्कळदा स्टुटगार्टकडे वळतो. मर्सिडीज, पोर्शे आणि बॉश तिथल्या. ते शहर ज्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आहे, त्याच्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये केला.

कोल्हापूरकराचे परदेशातले रोजचे जगणे लिहून ठेवण्याची रीत मात्र फार जुनी. छत्रपती दुसरे राजाराम महाराज १८७० साली विशीच्या उंबरठ्यावर इंग्लंडला गेले आणि तिथे डायरी लिहीत राहिले. परतीच्या वाटेवर त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला फ्लोरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. आर्नो नदीच्या काठी दहन झाले आणि तिथे त्यांचे स्मारक आजही उभे आहे. त्यांची डायरी १८७२ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाली. महाराजांबरोबर लवाजमा होता. आजच्या मुलाबरोबर तेवीस किलोची बॅग असते.

ती बॅग भरणे हा घरातला मोठा सोहळा. उन्हाळ्यात डंकावर कांडून आणलेली वर्षाची चटणी तीत पहिली जाते: रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, त्यात तळलेला कांदा, लसूण, सुके खोबरे, तीळ. तेल सुटते म्हणून पिशवीत पिशवी घालून वर चिकटपट्टी मारतात, तरी पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर लाल गोल उमटायचा तो उमटतोच. तूप आणि पेढे मागे राहतात, कारण मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरच्या प्रवाशाने बरोबर आणायला युरोपीय संघाची मनाई आहे. मग गाडीभर माणसे मुंबईच्या विमानतळापर्यंत पोचवायला निघतात.

जर्मनीत काम लवकर अंगवळणी पडते. मायक्रोमीटर सगळीकडे सारखाच मोजतो. अडते ते घरी. चूल विजेची, काचेच्या सपाट पाट्याची. जाळ नाही, म्हणून भाकरी फुगवायला आणि वांगे भाजायला जागा नाही. फोडणीचा धूर छतावरच्या यंत्राला लागला की ते किंचाळते, म्हणून जानेवारीतही खिडकी उघडून मोहरी तडतडवावी लागते. मटण तुर्की दुकानातून आणायचे, तेही बहुधा कोकराचे. तांबडा रस्सा त्यात बऱ्यापैकी जमतो. डब्यातल्या नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा मात्र घरच्या चवीला येत नाही, हे मान्य करून जेवलेले बरे.

दिवस दोन घड्याळांवर चालतो. उन्हाळ्यात जर्मनी साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथले काटे बदलतात. संध्याकाळी साडेसहाला घरी फोन लावला तर हिवाळ्यात कोल्हापुरात अकरा वाजलेले असतात. आईच्या डोळ्यांवर झोप असते, तरी पहिला प्रश्न ‘जेवलास काय?’ हाच. आपल्याकडे चारला सुरू होणारा शाहू स्टेडियमवरचा फुटबॉलचा सामना हिवाळ्यात त्याच्या सकाळी साडेअकराला येतो. शनिवार-रविवार असला तर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची लढत मोबाइलवर पाहता येते. संध्याकाळी बुंडेसलिगाचा सामनाही तो पाहतो, पण आवाज चढतो तो सकाळीच.

खरी उणीव जेवणाची नाही, बिनकामाच्या सोबतीची आहे. गंगावेशीत म्हशीची धार काढून मिळणारे फेसाळ दूध प्यायला चौघे जमतात. कुणी कुणाला बोलावलेले नसते. मिरजकर तिकटीला गाडी लावून उभे राहिले तरी तासभर जातो. जर्मनीत मित्रालाही दिवस ठरवून भेटतात, कधी दोन आठवडे आधी. रविवारी दुकाने बंद आणि इमारतीत शांतता पाळायची. त्या दिवशी भिंतीत ड्रिल मारले तर शेजारी दार वाजवतो. शेजारी वाईट नसतो, त्याच्या सुट्टीची कल्पनाच वेगळी असते. म्हणून पहिला हिवाळा जड जातो. नंतर मराठी मंडळातले गणपती येतात, ढोल उचलला जातो, आणि ज्यांच्याकडे न कळवता जाता येईल अशी दोन-तीन घरे तयार होतात.

दोनेक वर्षांनी राहायचे की परतायचे हा प्रश्न कागदावर येतो. ब्लू कार्ड या परवान्यावर काम करणाऱ्याला जर्मन भाषा बी-वन पातळीपर्यंत येत असेल, तर २१ महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. नागरिकत्वासाठी साधारण पाच वर्षांचे वास्तव्य लागते. २०२४ च्या कायद्याने जर्मनीने दुहेरी नागरिकत्व मान्य केले, भारताने केलेले नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि हाती ओसीआय कार्ड उरते. त्या कार्डावर येण्याजाण्याला व्हिसा लागत नाही, फ्लॅटही घेता येतो, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आली तर ठेवता येते. करवीर किंवा पन्हाळा तालुक्यात उसाचे दोन एकर असलेल्या घरात हा नियम वडील पहिल्यांदा विचारतात, आणि पासपोर्टाचा अर्ज पुष्कळदा तिथेच थांबून राहतो.