गाण्यातली श्रीमंती

आमच्या पेडण्यात माणूस भांडतो एका भाषेत आणि गातो दुसऱ्या भाषेत. स्वयंपाकघरात कोकणी, देवळाच्या मंडपात मराठी. तेरेखोलची तऱ्हा तर आणखी न्यारी. गाव गोव्याचे, पण वसले नदीच्या उत्तर तीरावर. केरीहून फेरीबोटीने जावे, नाहीतर आरोंद्याकडून महाराष्ट्रातून वळसा घालावा. इकडे किल्ल्यातले चर्च, तर पलीकडच्या गावात रात्री दशावताराचा मृदंग. अशा मुलखात मास्तरकी करताना मला एका गोष्टीचे नेहमी नवल वाटत आले आहे. आमची गरीब माणसे गाऊ लागली की इतकी श्रीमंत कशी होतात?

जात्यावरच्या ओव्या आठवा. दळणारी बाई पहाटे उठलेली, पोटात रात्रीची पेज. पण तिच्या ओवीतला भाऊ घोड्यावरून येतो आणि त्याच्या वाड्याला चौक असतात. तान्हे बाळ जुन्या लुगड्याच्या झोळीत निजलेले. गाण्यातला पाळणा मात्र सोन्याचा, दोरी रेशमाची. याला कोणी स्वप्नरंजन म्हणतात. मला ते पटत नाही. भाऊ आलाच तर एसटीने येईल आणि त्याच्या खिशात परतीच्या भाड्यापुरतेच पैसे असतील, हे त्या बाईला पक्के ठाऊक असते. तिला सांगायची असते भावाची माया, आणि ती मोजायला सोन्याखेरीज दुसरे माप तिला सापडत नाही. दशावताराचेही तेच. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' असे आमच्याकडे म्हणतात ते उगीच नाही. मुकुट बेगडी आहे हे राजाला ठाऊक आणि प्रेक्षकालाही. फसत कोणीच नाही.

प्रेम, महत्त्वाकांक्षा आणि पैसा यांचा उघड हिशेब मराठी पदांनी मांडला तो 'संगीत मानापमाना'त. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक किर्लोस्कर मंडळीने १९११ साली मुंबईत रंगभूमीवर आणले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनी बालगंधर्वांची. पुढे मंगेशीच्या मास्टर दीनानाथांनी धैर्यधर असा गाजवला, की गोव्यात हे नाटक घरचेच झाले. २०२५ च्या जानेवारीत त्यावर चित्रपटही आला. गोष्ट साधी आहे. श्रीमंत भामिनी शूर पण निर्धन धैर्यधराला गरीब म्हणून झिडकारते. दागिन्यांनी मढलेला लक्ष्मीधर मनाने भित्रा निघतो. मग भामिनी गरीब वनमाला बनून धैर्यधराच्या छावणीत जाते आणि प्रेमात पडते. मी हे नाटक वर्गात कितीदा तरी रंगवून सांगितले आहे. सांगताना माझाच आवाज चढतो.

काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनासाठी आम्ही त्यातला एक प्रवेश बसवत होतो. वनमालेचे काम आरोंद्याकडून येणाऱ्या एका मुलीकडे होते. आई काजूच्या कारखान्यात. भामिनीसाठी शालू भाड्याने आणायचा ठरला आणि वनमालेसाठी घरचेच जुने लुगडे घेऊन ये, असे तिला सांगितले. ती हसली आणि म्हणाली, "सर, वनमालेचां लुगडां सोडलां काय भामिनी परत वाड्यात. आमचां तसां नाय."

एम.ए.ला मानापमानावर वीस गुणांचा प्रश्न सोडवला होता, त्यात हे कुठे आले नव्हते. गरिबीची ती गोड पदे खाडिलकरांनी जिच्या तोंडी घातली, तिची गरिबी हे चार दिवसांचे सोंग होते.

सोंग नसलेली गरिबी आली ती १९१९ मध्ये, गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची. त्यातली सिंधू पोटासाठी लोकांची दळणे दळते. तिला परतायला वाडा नाही, ती मरतेच. ठिगळे लावलेल्या लुगड्यात बालगंधर्व सिंधू होऊन उभे राहत तेव्हा थिएटरातल्या शालूवाल्या बायका रडत. आणि तेच बालगंधर्व इतर नाटकांत शालूंवर, अत्तरांवर असा पैसा ओतत, की मंडळी कर्जात बुडाली. दीनानाथांची बलवंत मंडळीही चित्रपटाच्या नादात बसली. १९४२ साली पुण्यात ते गेले तेव्हा वय अवघे एक्केचाळीस, थोरली लता बारा वर्षांची. घर चालवण्यासाठी तिला चित्रपटात कामे करावी लागली. पडद्यावरच्या धैर्यधराला शेवटी मान आणि भामिनी दोन्ही मिळतात. धैर्यधर गाणाऱ्याच्या घरात हे उरले.

आता आमच्या तालुक्यात मोपाचा विमानतळ आहे. जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. त्याआधीपासूनच जमिनींचे भाव चढले होते. काजूच्या बागा विकून माझे कितीतरी विद्यार्थी गाडीवाले झाले. त्याचा मत्सर मला वाटत नाही, गरिबीत काही पुण्य आहे असेही मी मानत नाही. पण त्यांच्या लग्नांतून जी गाणी कानठळ्या बसवतात, त्यांत नायक गाडीचे नाव घेऊन प्रेम मागतो. ओवीतली बाई सोन्याने माया मोजत होती. इथे मायेचा पत्ताच नाही, नुसते सोने मोजणे चालले आहे. माझ्या वयाला हे कर्कश वाटते हेही खरे.

मागे एका देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांनी मानापमान लावले. लक्ष्मीधराचे काम माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडे होते. नुकतीच जमीन विकलेली. त्याने हौसेने स्वतःच्या खऱ्या सोन्याच्या साखळ्या गळ्यात घातल्या. रंगपटातल्या म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिले आणि त्या उतरवायला सांगितल्या. खरे सोने दिव्यात मळके दिसते, मागच्या रांगेला काहीच कळणार नाही, म्हणाला. त्याने मुकाट्याने साखळ्या काढल्या, बायकोकडे नेऊन दिल्या आणि पेटाऱ्यातले बेगडाचे हार गळ्यात घालून तो तिसऱ्या घंटेची वाट पाहत उभा राहिला.