बालीतली चार नावं

उबुदमधल्या होमस्टेमध्ये पहिल्याच सकाळी माझी फजिती झाली. चहा आणून देणाऱ्या मुलाने आपलं नाव सांगितलं होतं, वायान. थोड्या वेळाने साखर हवी होती म्हणून मी अंगणात डोकावून हाक मारली, "वायान!" तर तीन जणांनी वळून पाहिलं. अंगण झाडणारे काका, गाडी पुसणारा आमचा ड्रायव्हर आणि तो चहावाला मुलगा. एवढ्यात स्वयंपाकघरातून एक बाईही हात पुसत बाहेर आल्या. त्याही वायान!

नवरा हसायला लागला. म्हणाला, "इथे सगळ्यांचं बारसं एकाच आत्याबाईंनी केलेलं दिसतंय."

पुढचे पाच दिवस बालीत फिरताना भातशेती पाहिली, देवळं पाहिली, समुद्र पाहिला. पण घरी आल्यावर कोणी "काय पाहिलंस?" असं विचारलं की मला आधी आठवतात ती तिथली नावं.

बाली हे इंडोनेशियातलं छोटंसं बेट. देश मुस्लिमबहुल, पण या बेटावर बहुसंख्य लोक हिंदू. इथे बाळासाठी पहिलं नाव शोधत बसावं लागत नाही. ते आधीच ठरलेलं असतं आणि ते ठरतं बाळ कितवं आहे यावरून.

पहिलं मूल : वायान, पुतु किंवा गेदे.
दुसरं मूल : मादे, कादेक किंवा नेंगाह.
तिसरं मूल : न्योमान किंवा कोमांग.
चौथं मूल : केतुत.

गेदेसारखं एखादं नाव सोडलं तर मुलगा असो की मुलगी, नाव तेच. फरक असतो तो नावाआधीच्या एका छोट्या शब्दाचा. मुलग्याच्या नावाआधी 'इ' आणि मुलीच्या नावाआधी 'नी'. म्हणजे इ वायान हा थोरला मुलगा आणि नी वायान ही थोरली मुलगी. पहिला मुलगा धरून मोजायचं आणि मुली वेगळ्या मोजायच्या, असा प्रकार नाही. मोजणी सगळ्यांची एकत्र.

आमच्या ड्रायव्हरला मी 'ब्ली वायान' म्हणायला लागले. 'ब्ली' म्हणजे आपल्याकडचं 'दादा'. तो मला 'इबू' म्हणायचा. आपण अनोळखी बाईला 'ताई' किंवा 'मावशी' म्हणतो ना, तसं. तेगालालांगची पायऱ्यापायऱ्यांची भातशेती बघायला जाताना त्याने गाडीतच मला या नावांची शिकवणी दिली.

'वायान' हा शब्द 'वायाह' वरून आला, म्हणजे मोठा, जाणता. 'गेदे' म्हणजेही मोठा. 'मादे' ऐकून मात्र मी जागीच सरसावून बसले, कारण तो आपला 'मध्य'! संस्कृतमधला मध्य समुद्र ओलांडून इथल्या दुसऱ्या मुलाच्या नावात येऊन बसला आहे. 'नेंगाह' म्हणजेही मधला. 'केतुत' बद्दल ब्ली वायानने सांगितलं की केळीच्या घडाच्या अगदी टोकाला जे छोटं केळं असतं, तसं ते शेवटचं पिल्लू. आपल्याकडे शेंडेफळ म्हणतात, हे मी त्याला सांगितल्यावर तो इतका खूश झाला, की दिवसभर 'शेंडेफळ, शेंडेफळ' म्हणत होता.

"आणि पाचवं झालं तर?" मी विचारलं.

"तर पुन्हा वायान. त्याला म्हणायचं वायान बालिक. बालिक म्हणजे परत फिरून आलेला."

बालीच्या लोककथांत पान ब्रायुत आणि मेन ब्रायुत नावाचं एक जोडपं आहे. त्यांना अठरा मुलं! अंगाखांद्यावर पोरं लोंबकळत असलेल्या या जोडप्याच्या मूर्ती आणि चित्रं तिथे जागोजागी दिसतात. मी बोटांवर हिशेब केला. चारची चार आवर्तनं झाली की सतरावा पुन्हा वायान आणि अठरावा मादे. आणि या जोडप्याच्या नावातही गंमत आहे. 'पान' म्हणजे अमक्याचा बाप आणि 'मेन' म्हणजे अमक्याची आई. मूल झालं की जुन्या पद्धतीने आईबापांना मुलाच्याच नावाने ओळखायला लागायचे. आपल्या चाळीत आणि वाड्यात 'बंड्याची आई' असायची, तशीच.

अर्थात वायान, मादे एवढंच नाव पुरत नाही. त्याच्यापुढे प्रत्येकाचं स्वतःचं असं नाव असतं. त्यात सूर्य, धर्म, देवी, सरस्वती असे आपल्या ओळखीचे शब्द हमखास भेटतात. आडनाव मात्र सहसा नसतं. काही घराण्यांत जातीवरून येणारी उपपदं आधी लागतात. ब्राह्मण पुरुषाला इदा बागुस, स्त्रीला इदा आयु. बालीच्या विमानतळाला ज्यांचं नाव दिलं आहे ते इ गुस्ती न्गुराह राय १९४६ मध्ये डचांशी लढताना मारले गेले. त्यांच्या नावातलं 'गुस्ती' हे असंच उपपद. पण या वरच्या घराण्यांतही क्रमाची नावं वापरतातच. इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकर्णो यांची आई बालीची होती. तिचं नाव इदा आयु न्योमान राय. आता एवढं वाचल्यावर तुम्हालाही या नावातल्या दोन गोष्टी लगेच ओळखता येतील. 'इदा आयु' हे ब्राह्मण स्त्रीचं उपपद आणि 'न्योमान' हे तिसऱ्या अपत्याचं नाव.

ही नावं परक्यांनाही सामावून घेतात. ग्लासगोत जन्मलेली म्युरियल वॉकर नावाची एक बाई १९३०च्या दशकात बालीला आली आणि तिथल्या एका राजघराण्यात मुलीसारखी राहिली. राजाला आधीची तीन अपत्यं होती, म्हणून हिचं नाव ठेवलं केतुत. पुढे ती केतुत तांत्री म्हणूनच ओळखली गेली आणि इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्यात रेडिओवरून बोलली. परदेशातून आलेल्या बाईलाही घरात चौथी जागा मिळाली!

पण आता ही चौथी जागाच रिकामी पडायला लागली आहे.

इंडोनेशियात १९७० पासून सरकारी कुटुंबनियोजन सुरू झालं. 'दोन मुलं पुरेत' ही तिथली घोषणा. आपल्याकडच्या 'हम दो, हमारे दो' ची सख्खी बहीणच. बालीत ही मोहीम गावोगावच्या 'बांजार' मार्फत, म्हणजे वस्तीच्या मंडळांमार्फत घरोघरी पोहोचली आणि चांगलीच यशस्वी झाली. आज तिथल्या जोडप्याला सरासरी दोनच मुलं असतात. त्याचा परिणाम असा, की शाळेच्या हजेरीपटावर वायान, पुतु, मादे, कादेक भरपूर. न्योमान कमी आणि केतुत तर शोधावा लागतो. २०१९ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर इ वायान कोस्टर यांनी दोन मुलांचा प्रचार थांबवून बाली लोकांनी चार मुलं होऊ द्यावीत असं धोरण मांडलं. ही नावं नाहीशी होऊ नयेत, हे त्यामागचं एक कारण होतं.

नावं टिकवण्यासाठी मुलं? मला हसूच आलं. पण शेवटच्या दिवशी ब्ली वायानने आम्हाला त्याच्या घरी नेलं आणि माझं हसू जरा थांबलं.

बालीचं घर म्हणजे एकच इमारत नसते. एका भिंतीच्या आत वेगवेगळ्या खोल्या, मध्ये अंगण आणि एका कोपऱ्यात घरचं देऊळ. त्याची बायको नारळाच्या कोवळ्या पानांच्या आणि फुलांच्या छोट्या परड्या करत बसली होती. रोज देवापुढे, दारात, अगदी गाडीवरसुद्धा त्या ठेवतात. मी गव्हर्नरांच्या चार मुलांचा विषय काढला तर ती हात न थांबवता म्हणाली, "शाळेची फी साहेब भरणार आणि रात्री उठणारही साहेबच, तर करू विचार." आम्ही सगळेच हसलो.

तेवढ्यात दोन मुलं शाळेतून आली. ब्ली वायानने ओळख करून दिली. थोरली पुतु आणि धाकटा कोमांग.

एव्हाना मी हुशार झाले होते. म्हटलं, "पुतु पहिली, कोमांग तिसरा. मग कादेक कुठे आहे? अजून शाळेत?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग ती उठली आणि मला खोलीच्या दारापाशी घेऊन गेली. दाराच्या बाजूला जमिनीवर काळे दगड ठेवलेले होते आणि शेजारी केवड्यासारखी काटेरी पानं लावलेली होती. बालीत बाळ जन्मलं की त्याची वार धुऊन, नारळाच्या करवंटीत घालून घराच्या दाराशी पुरतात. मुलगा असेल तर एका बाजूला आणि मुलगी असेल तर दुसऱ्या. वार म्हणजे बाळाबरोबर जन्मलेलं भावंड, असं ते मानतात. ते भावंड जन्मभर पाठराखण करतं.

पुतुचा दगड एका बाजूला होता. दुसऱ्या बाजूला दोन दगड होते.

"कादेक," ती एका दगडाकडे बोट दाखवून म्हणाली. "चार दिवस होता."

मी "सॉरी" म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, "कोमांग तिसराच आहे, इबू. त्याला कादेक कसं म्हणणार? कादेक येऊन गेला ना."

बालीवर लिहिलेल्या अभ्यासकांनीही ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. क्रमाचं नाव बाळाला जन्मताक्षणी मिळतं. मूल मृत जन्मलं तरी त्याचा क्रमांक त्याचाच राहतो. बाळाचं पाऊल जमिनीला टेकवण्याचा मोठा विधी तिथे १०५ दिवसांनी होतो, म्हणजे ३५ दिवसांचे तीन महिने झाल्यावर. पण मोजणी तोपर्यंत थांबत नाही. आलेल्याची जागा पुढच्याला देत नाहीत.

परतीच्या वाटेवर मी गाडीत गप्प होते. ब्ली वायानने आरशातून विचारलं, "इबू, तुम्ही कितव्या? न्योमान की मादे?"

पहिल्या दिवशीही त्याने हे विचारलं होतं आणि मी पटकन सांगितलं होतं, "तिसरी. म्हणजे मी न्योमान." आम्ही तीन बहिणी. रेशनकार्डावर तीन, लग्नपत्रिकांवर तीन, घरातल्या भिंतीवरच्या फोटोतही तीनच.

पण आईला कोणी विचारलं, "किती मुलं तुम्हाला?" तर ती क्षणभर थांबून म्हणायची, "चार झाली." लगेच कोणीतरी सावरून घ्यायचं, "तीन मुली आहेत हो." लहानपणी मला वाटायचं, आईचा हिशेब चुकतो. मोठेपणी कळलं, की दोन नंबरच्या ताईनंतर आणि माझ्याआधी एक मुलगा झाला होता. दोन दिवस राहिला. बारसं बाराव्या दिवशी, त्यामुळे त्याला नावच नव्हतं. नाव नाही म्हणून त्याच्याबद्दल बोलायलाही कोणाकडे शब्द नव्हता.

आपल्याकडेही नावांत असे हिशेब लपलेले असतात. आधीची मुलं जगली नाहीत, की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू ठेवायचे, म्हणजे त्याला दृष्ट लागू नये. मुलगे हवे असताना मुलीच झाल्या, की शेवटचीला नकुशी म्हणायचे. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभ करून नवीन नावं देण्यात आली, तेव्हा ही गोष्ट जगभर पोहोचली. आपली ही नावंसुद्धा मूल कितवं ते सांगतात, पण भीतीने नाहीतर नाराजीने. बालीत तीच गोष्ट सरळ सांगतात. तू दुसरा आलास, तू दुसराच. तू चौथी आलीस, ही तुझी जागा.

बालीत सगळं गोडगोड आहे असं नाही. तिथेही घर आणि जमीन सहसा मुलाकडेच जाते आणि सणावाराचं काम बायकांच्याच अंगावर पडतं. केतुत वाचवायला हवा म्हणून कोणा बाईने चौथ्यांदा बाळंत व्हावं, हेही मला पटत नाही. नावं कमी होतील, तर होवोत. पण आलेल्या प्रत्येकाला मोजायचं, ही त्या नावांमागची रीत मात्र मला बरोबर घेऊन यावीशी वाटली.

त्या रात्री होमस्टेच्या ओट्यावर बसून मी आईला व्हिडिओ कॉल केला. ती ऐंशीच्या पुढे आहे, फोन कानाला लावते आणि आम्हाला नुसता तिचा कान दिसतो. मी तिला चारही नावं सांगितली. मग म्हटलं, "आई, इथल्या हिशेबाने ताई वायान, छोटी ताई मादे. आणि आपलं बाळ न्योमान."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, रेंज गेली.

"परत सांग," ती म्हणाली.

"न्योमान."

तिने एकदा हळूच म्हणून पाहिलं. मग फोन कानावरून काढून समोर धरला आणि तिचा पूर्ण चेहरा दिसला.

"आणि तू?"

"मी केतुत. चौथी."

"मग," आई म्हणाली, "चौथीच आहेस की तू."