धामण जेवली का?

बेळगावच्या आसपासच्या शिवारांना धामण काही नवी नाही. भाताची सुगी संपली की बांधाबांधांत उंदरांची बिळे दिसू लागतात आणि उंदरांच्या मागोमाग धामण येते. ती बिनविषारी असते. डोळे मोठे, बाहुली गोल, ओठांवर काळ्या उभ्या रेघा आणि अंगात विलक्षण चपळाई. लांबी पाहून पुष्कळ लोक तिला नाग समजतात आणि काठी शोधू लागतात. ती म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, तिच्या शेपटीत विष असते, असे आम्हीही लहानपणापासून ऐकत आलो होतो. यातले काहीच खरे नाही. ती उंदीर खाते, बेडूक खाते, सरडे व पक्षीही खाते, आणि शेतकऱ्याचे धान्य वाचवते.

आम्ही म्हणजे शाळेच्या निसर्ग मंडळातील नववीचे अकरा विद्यार्थी आणि विज्ञानाच्या बाई. ९ डिसेंबर २०२४ रोजी येळ्ळूरच्या शिवारात एक धामण नायलॉनच्या जाळीत अडकलेली सापडली. पाखरांपासून भाजी राखण्यासाठी ही जाळी लावली होती आणि तिची खालची कड जमिनीवर लोळत होती. सुटण्यासाठी धामण जितकी धडपडली, तितका दोरा तिच्या अंगात रुतत गेला. शेताचे मालक आमच्यातल्या एकाचे मामा. त्यांनी सर्पमित्र काकांना बोलावले आणि ते येईपर्यंत कोणालाही जवळ जाऊ दिले नाही. "ती काय करत नाही रे कुणाला, उंदरं खाती," एवढेच ते जमलेल्या लोकांना सांगत होते.

काकांनी जाळी कापून तिला सोडवले आणि वनखात्याला कळवले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार जंगली साप परस्पर पकडता किंवा पाळता येत नाही, म्हणून खात्याच्या परवानगीने उपचारापुरती ती काकांकडे राहिली. लांबी सव्वापाच फूट, वजन ७४० ग्रॅम. मानेच्या खाली वीतभर अंतरावर दोऱ्याने अंगाभोवती खोल चीर पाडली होती. पशुवैद्य डॉक्टरांनी जखम धुऊन औषध लावले व इंजेक्शन दिले. इंजेक्शन शरीराच्या पुढच्या भागात दिले, कारण सापाच्या मागच्या भागातले रक्त आधी मूत्रपिंडाकडे जाऊ शकते आणि औषध वाया जाण्याचा संभव असतो. पुढचे इंजेक्शन तीन दिवसांनी. सापाच्या शरीरात सगळेच सावकाश चालते, त्यामुळे औषधही बराच काळ टिकते.

आमच्याकडे वहीचे काम आले. रोज दोनदा पेटीतले तापमान, पाण्याची पातळी, जखमेची स्थिती आणि दर सोमवारी काका करतील ते वजन, अशा नोंदी आम्ही ठेवायच्या. एका वेळी फक्त दोघांनी जायचे, बोलायचे नाही आणि हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरले होते. पेटीत खाली जुनी वर्तमानपत्रे, एका कोपऱ्यात पाण्याचे पसरट भांडे आणि दुसऱ्या कोपऱ्यात काठ फुटलेले एक मडके लपायला ठेवले होते. बेळगावची डिसेंबरची थंडी सर्वांना ठाऊक आहे. म्हणून पेटीच्या एका बाजूला बाहेरून दिव्याची ऊब दिली होती. तिथे २९-३० अंश आणि दुसऱ्या बाजूला २४ अंश. कुठे बसायचे ते तिने ठरवायचे.

व्यवस्था सगळी चोख होती. फक्त धामण जेवत नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी ऊब चढल्यावर काकांनी मडक्याजवळ मेलेला उंदीर ठेवला. जिवंत उंदीर जखमी सापालाच चावू शकतो, म्हणून मेलेला. संध्याकाळी तो तसाच होता. तीन दिवसांनी पुन्हा ठेवला, पुन्हा तसाच. १६ डिसेंबरला वजन ७३१ ग्रॅम भरले, २३ तारखेला ७२२.

एव्हाना ही बातमी आमच्या घराघरांत पोहोचली होती. दारात चप्पल काढण्याआधीच आजी विचारायची, "जेवली का तुमची धामण?" नाही म्हटले की आजीचा चेहरा उतरायचा. एका आजीने वाटीभर दूध पाठवले. सापाला दूध पचत नाही, हे आम्ही त्यांना समजावले. नागपंचमीच्या दिवसांत गारुड्याचा साप दूध पिताना दिसतो, तो अनेक दिवस पाण्यावाचून ठेवलेला असतो म्हणून. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग तहानच ती बिचाऱ्याची." मामांनी शेतात मेलेला एक गलेलठ्ठ उंदीर आणला. काकांनी तो पुरून टाकला, कारण तो विष खाऊन मेला असेल तर तेच विष धामणीच्या पोटात जाईल. पिंजऱ्यात सापडलेला, जिथे उंदरांचे औषध ठेवत नाहीत अशा घरचाच उंदीर ते घेत.

सर्वांत जास्त सल्ला मिळाला तो एकच: तोंड उघडून घाला. आम्हीही डॉक्टरांना हेच विचारले. आमच्यापैकी एकीचा आवाज तर रडवेला झाला होता. डॉक्टर म्हणाले की, जबरदस्तीने भरवताना जबडा आणि अन्ननळी दुखावते, घास श्वासनळीत अडकू शकतो. शिवाय भेदरलेला साप खाल्लेले ओकून टाकतो आणि होती ती शक्तीही जाते. सापाला स्वतःचे अंग ऊबदार ठेवण्यासाठी अन्न जाळावे लागत नाही, त्यामुळे मोठा साप काही आठवडे उपाशी राहू शकतो. पाण्याचे मात्र तसे नाही. ती पाणी पिते का? पीत होती. मग थांबायचे. पण हे थांबणे हात जोडून बसणे नव्हते. वजन ६६६ ग्रॅमच्या खाली, म्हणजे मूळ वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक घटले, किंवा ती मलूल दिसू लागली, तर नळीने पातळ अन्न द्यायचे, असे डॉक्टरांनी ठरवून दिले. वहीत तो आकडा आम्ही तांबड्या शाईने लिहिला.

३० डिसेंबरला वजन ७१४. दुसऱ्या दिवशी वहीत वेगळी नोंद आली: डोळे निळसर, धुरकट. डॉक्टर म्हणाले, ती कात टाकण्याच्या तयारीत आहे. या काळात सापाला नीट दिसत नाही आणि बहुतेक साप अन्नाला तोंड लावत नाहीत. जखम भरत असताना कात लवकर लवकर टाकली जाते. म्हणजे तिचा नकार हा हट्ट नव्हता. तिच्या शरीराने आधी कातडी दुरुस्त करायला घेतली होती.

त्या दिवसापासून डॉक्टरांच्या सांगण्यावरून आमचे जाणे बंद झाले. पेटीवर कापड आले. नोंदी काका करायचे आणि आम्ही फोनवर विचारून वहीत उतरवायचो. निसर्ग मंडळासाठी हा सर्वांत कठीण काळ होता. तिच्यासाठी काही करायचे असेल तर न जाणे हेच करायचे, हे मनाला पटत नव्हते.

८ जानेवारी २०२५ रोजी तिने कात टाकली. जखमेभोवतीचा तुकडा चिकटून राहिला होता, तो ओल्या फडक्याने मऊ करून काकांनी काढला. खालची कातडी जुळून आली होती. ११ जानेवारीला, संक्रांतीच्या तीन दिवस आधी, काकांनी दोन लहान उंदीर मडक्याच्या तोंडाशी ठेवले. इतक्या दिवसांच्या उपासानंतर मोठा घास नको, म्हणून लहान. दार ओढून ते निघून गेले. दुपारी पाहिले तर दोन्ही उंदीर नव्हते. तिला खाताना कोणी पाहिले नाही. काकांनीसुद्धा नाही.

संध्याकाळी अकरा घरांत निरोप गेला. त्या दूध पाठवणाऱ्या आजींनी संक्रांतीचे तिळगूळ तीन दिवस आधीच आमच्या हातावर ठेवले.

पुढे ती दर आठवड्याला खाऊ लागली. १६ फेब्रुवारीला, ऊन चांगले तापल्यावर, काकांनी वनरक्षकांसमक्ष तिला त्याच शिवारात सोडले. साप आपला परिसर ओळखून असतो, दूर नेऊन सोडला तर त्याला लपायची आणि पाण्याची जागा सापडत नाही. पिशवीतून बाहेर आल्यावर ती क्षणभरही थांबली नाही. मसुराच्या वाफ्यातून सरळ बांधाकडे गेली.

मामांनी आता जाळी ताणून, जमिनीपासून वीतभर वर बांधली आहे आणि हंगाम संपला की ती गुंडाळून माळ्यावर टाकतात. आपल्या शाळेच्या मैदानावरील क्रिकेटची जाळीही सामन्यांनंतर अशीच उचलून ठेवावी, अशी विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे. पालकांनाही एक विनंती. घराजवळ साप दिसला तर मारू नका, स्वतः पकडूही नका. मुलांना दूर ठेवा, त्याच्यावर लांबून नजर ठेवा आणि वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवा. साप चावला तर तो बिनविषारी असेल असे गृहीत न धरता तडक इस्पितळ गाठा.

ती वही निसर्ग मंडळाच्या कपाटात ठेवली आहे, ज्यांना पाहायची असेल त्यांनी बाईंकडे मागावी. तिच्यात तेहतीस दिवस एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला आहे: "नाही". तो लिहिताना आम्हाला फार वाईट वाटायचे. आता ती पाने वाचताना त्याच ओळीतले दुसरे रकाने दिसतात: ऊब ठीक, पाणी भरले, जखम कोरडी.